उत्तरांगात रंगणारे इंजिन

होंडा एस२००० या गाडीबद्दलची एक तक्रार तिच्या जन्मापासून ऐकू येते. वर चढवली की सुसाट पळते, पण खालच्या आरपीएमला ओढ नाही. रोजच्या वापरासाठी हिला आणखी टॉर्क हवा होता. ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी होंडाने आपल्या पन्नाशीच्या निमित्ताने १९९९ च्या एप्रिलमध्ये जपानात विक्रीला आणली. चार सिलिंडर, १९९७ सीसी, टर्बो नाही. जपानी आवृत्तीत ताकद २५० पीएस, तीही ८३०० आरपीएमला. आणि टॅकोमीटरवरची लाल रेघ थेट ९००० वर. लिटरमागे १२५ पीएस! पण अमेरिकेत विकलेल्या गाडीचा टॉर्क पाहिला तर तो जेमतेम २०८ न्यूटन-मीटर, आणि तोसुद्धा ७५०० आरपीएमला. त्याच काळातली ११० पीएसची डिझेल फोक्सवॅगन गोल्फ, म्हणजे मुलांना शाळेत सोडणारी घरगुती गाडी, २३५ न्यूटन-मीटर देत होती, अवघ्या १९०० आरपीएमला. तक्रारीची बाजू कागदावर अशी भक्कम आहे. तरीही या गाडीचा एकेक अवयव सावकाश पाहत गेले की तक्रार विरत जाते आणि तिच्या जागी उरते ती निखळ दाद.

सुरुवात त्या २०८ या आकड्यापासूनच करू. १९९७ सीसीला २०८, म्हणजे लिटरमागे १०४ न्यूटन-मीटर. टर्बो नसलेले इंजिन केवळ वातावरणाच्या दाबावर हवा ओढते, त्यामुळे दर लिटरला त्याच्याकडून किती टॉर्क काढता येईल याला निसर्गाचीच मर्यादा आहे, आणि शंभरी ओलांडणे ही कसबाची खूण मानली जाते. म्हणजे टॉर्क कमी नाही. तो वेगळ्या जागी ठेवला आहे. रागसंगीताच्या श्रोत्याला हे पटकन उमगेल. पूरिया आणि सोहनीचे स्वर तेच. पूरिया मंद्रात आणि पूर्वांगात रमतो, सोहनी तार षड्जाभोवती खेळते. सोहनीत मंद्राचा भारदस्तपणा नाही म्हणून तिला कोणी स्वरांची दरिद्री म्हणत नाही. एस२००० चे इंजिन असेच उत्तरांगप्रधान आहे. आपला ऐवज वर नेऊन ठेवण्याचे धाडस त्याने जाणूनबुजून केले आहे, आणि त्या धाडसातच त्याचे सौंदर्य आहे.

आता गिअरबॉक्सकडे या. गाडी पुढे ढकलणारा टॉर्क क्रँकशाफ्टवरचा नसतो, चाकापाशी पोहोचलेला असतो, आणि या दोहोंच्या मध्ये गिअर असतात. एस२००० च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.१३३, त्यावर १.१६० चा आणखी एक रिडक्शनचा टप्पा, आणि शेवटी डिफरन्शियलमध्ये ४.१००. तिन्हींचा गुणाकार जवळजवळ १५ येतो. घर्षणात जाईल ते सोडले, तर इंजिनातल्या एका न्यूटन-मीटरचे मागच्या चाकांपाशी पंधरा होतात. दुसऱ्या गिअरमध्ये ते पावणेदहाच्या आसपास, तिसऱ्यात सात. डिझेल गाडीला असे आखूड गिअर परवडत नाहीत, कारण तिचे इंजिन साडेचार हजारांच्या सुमारास दम टाकते. नऊ हजारांपर्यंत श्वास पुरणाऱ्या इंजिनाला मात्र ते खुशाल देता येतात. वरच्या आरपीएमची उधळपट्टी अशी गिअरच्या वाटेने खालच्या वेगात टॉर्क होऊन परत येते. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात न दिसणारी ही देवघेव ज्याने आखली, त्याच्या हिशेबाला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

हा हिशेब रस्त्यावर आणून पाहू. तिसऱ्या गिअरवर ताशी ५० किलोमीटरला इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास असते. महामार्गावर सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० ला ते ३३०० पर्यंत येते. आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या मानाने हे आकडे बरेच चढे आहेत, आणि त्यातच मेख आहे. इंजिन सुस्तावेल अशा जागी ही गाडी त्याला सहसा सोडतच नाही. शिवाय ओढायचे आहे ते वजन साधारण १२५० किलो. एवढ्या अंगाला दोन लिटरचे इंजिन म्हणजे सिग्नलवरून निघताना, उड्डाणपुलाच्या चढावर, रिक्षाला मागे टाकताना कुठेच ओढाताण नाही. गडबड होते ती चालकाने टॉप गिअरवर पंधराशे आरपीएमला गाडी नेऊन अॅक्सिलरेटर दाबला तर; आणि तिथेही इंजिन कुरकुर न करता, धक्के न देता, संथपणे वर चढते. लाल रेघ नऊ हजारांवर असलेल्या इंजिनाने तळाशी एवढे सभ्य असावे, हा साधा गुण नव्हे.

ही सभ्यता येते कुठून? व्हीटेकमधून. आपल्याकडे ही अक्षरे होंडा सिटीच्या पाठीवर वाचलेली अनेकांना आठवत असतील. तिथे हे तंत्र सौम्य रूपात होते, इथे ते पूर्ण वैभवात आहे. प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या जोडीसाठी कॅमशाफ्टवर तीन उंचवटे आहेत: कडेचे दोन लहान, मधला मोठा. कमी आरपीएमला व्हॉल्व्ह कडेच्या दोघांचे ऐकतात. थोडेच उघडतात, थोडाच वेळ उघडे राहतात, त्यामुळे हवा वेगाने आत शिरते आणि ज्वलन नीटस होते. सहा हजारांच्या जवळ आले की तेलाच्या दाबाने एक लहानशी पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत जखडले जातात आणि मधल्या मोठ्या उंचवट्याचे राज्य सुरू होते. व्हॉल्व्ह आता खोल आणि दीर्घ उघडतात. आवाजाचा पोतच बदलतो, भरीव गुणगुण जाऊन धारदार, धातूचा नाद येतो. दुसऱ्या गिअरवर ही घटना ताशी ७२ च्या आसपास घडते, तिसऱ्यावर १०० च्या. म्हणजे शहरात पन्नास-साठच्या वेगाने चालणाऱ्याला तो मोठा कॅम दिवसभर भेटणारही नाही. रोजची गाडी चालते ती सौम्य कॅमवर, एका शहाण्या दोन लिटर होंडावर. दोन स्वभावांची दोन इंजिने एकाच लोखंडी-अॅल्युमिनियमी देहात नांदवावीत आणि त्यांच्यामधला उंबरठा नेमका रोजच्या वर्दळीपलीकडे ठेवावा, ही जागा फार सुंदर घेतली आहे.

वरच्या टोकाची कारागिरी पाहिल्याशिवाय खालच्या टोकाचे मोल कळत नाही. या इंजिनाचा बोअर ८७ मिलिमीटर, स्ट्रोक ८४. नऊ हजार आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटरच्या वर जातो. हा आकडा शर्यतीच्या इंजिनांच्या पंगतीतला आहे, आणि इथे तो वॉरंटीसह विकलेल्या गाडीत आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतींना तंतूंनी बळकटी दिलेल्या धातूचे अस्तर आहे, पिस्टन घडीव आहेत, आणि कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी चेन व गिअर यांची जोड योजली आहे, ज्याने इंजिनाचे डोके आटोपशीर राहते. हे सारे नऊ हजारांसाठी केले असले तरी त्याचे फळ तीन हजारांवरही मिळते. फिरणारे-सरकणारे भाग हलके असल्याने पाय दाबताच सुई उसळते आणि उचलताच पडते. सुरुवातीच्या गाड्यांत तर अॅक्सिलरेटर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये साधी केबल होती, मध्ये संगणक नाही. टर्बोच्या गाडीत टॉर्क भरपूर असतो, पण तो क्षणभर वाट पाहायला लावतो. इथे थोडा आहे, पण मागितल्याक्षणी, मागितला तेवढाच. गर्दीत इंच-इंच सरकताना हे मोजूनमापून मिळणे किती सुखाचे आहे, ते पायालाच विचारावे.

आणि हात? सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, दुसरा पर्यायच नाही. गिअरची दांडी आखूड आणि तिचा प्रवास त्याहून आखूड. मनगट हलवले की गिअर पडतो, आणि पडताना धातूवर धातू चपखल बसल्याची स्वच्छ खूण तळहातात उमटते. ज्या गाडीत पुढच्याला मागे टाकायचे तर चौथ्यावरून तिसऱ्यावर, कधी दुसऱ्यावर यावे लागते, तिथे गिअर पाडणे हे काम वाटले असते तर टॉर्कची तक्रार रास्त ठरली असती. इथे गिअर पाडायला निमित्त हवे असते. होंडाचीच एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार घडवणारे प्रमुख अभियंते शिगेरू उएहारा यांनीच ही गाडीही घडवली, आणि टॉर्कची उणीव भरून काढायची जागा त्यांनी अचूक हेरली: ती भरून काढली चालकाच्या डाव्या पायाने आणि गिअरच्या दांडीने. यंत्राने चालकावर इतका विश्वास टाकलेला क्वचित पाहायला मिळतो.

आणखी टॉर्क द्यायचाच, तर त्याची किंमत काय पडली असती? टॉर्क वाढवण्याचे ठरलेले मार्ग दोन: इंजिन मोठे करा, नाहीतर टर्बो बसवा. दोन्हींत नाकावर वजन येते. मग क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, टायर, ब्रेक अशी एकेक गोष्ट जाड होत जाते. एस२००० मध्ये इंजिन पूर्णपणे पुढच्या आसाच्या मागे, जवळजवळ चालकाच्या पायाशी बसवले आहे, आणि पुढच्या-मागच्या चाकांवर वजन अर्धे-अर्धे वाटले आहे. चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन आहे. त्यामुळे वळणावर तोंड फिरवायला ती क्षणाचाही विलंब लावत नाही. ओल्या रस्त्यावर, मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या हलक्या गाडीत, वळण अर्धे झाले असताना दोन हजार आरपीएमला टॉर्कचा लोंढा आला, तर मागचे टायर सुटायला वेळ लागत नाही. इथे ओढ पायरीपायरीने वाढते, म्हणून पाय निर्धास्त राहतो. चढता-चढता वाढणारा हा टॉर्क वळणावळणाच्या रस्त्यावर किती सोबत करतो, हे पाहिले की त्याच्या कमीपणाचा संयम म्हणून गौरव करावासा वाटतो.

होंडाने तक्रारीकडे कानाडोळाही केला नाही. २००४ साली अमेरिकेत आलेल्या गाडीत बोअर तोच ठेवून स्ट्रोक ८४ वरून ९०.७ मिलिमीटर केला. आकारमान झाले २१५७ सीसी, टॉर्क सुमारे २२० न्यूटन-मीटर, आणि तो ७५०० ऐवजी ६५०० आरपीएमला. लांब स्ट्रोकमुळे पिस्टनचा प्रवास वाढला, म्हणून लाल रेघ ९००० वरून ८००० वर उतरवावी लागली. अश्वशक्ती अमेरिकी गाडीत आधी होती तीच, २४०. खरी नजाकत मात्र गिअरबॉक्समध्ये आहे. पहिले चारही गिअर चार टक्क्यांनी आखूड केले आणि सहावा दोन टक्क्यांनी लांबवला. आठ टक्के मोठे इंजिन आणि चार टक्के आखूड गिअर, म्हणजे शहरातल्या वेगाला चाकापाशी मिळणारी ओढ साधारण बारा टक्क्यांनी वाढली, आणि महामार्गावर इंजिन उलट किंचित शांत झाले. नवा टॉर्क कुठे खर्चायचा आणि कुठे राखायचा याचा एवढा बारीक विवेक फार थोड्या दुरुस्त्यांत दिसतो.

या दुरुस्तीने काय नेले, तेही मोजले पाहिजे. दोन लिटरची गाडी दुसऱ्या गिअरवर ताशी १०८ च्या आसपास जाते. सव्वादोनच्या जवळची गाडी ९२ ला थांबते. मधल्या सोळा किलोमीटरांत त्या मूळ इंजिनाच्या गाण्याचा कळस आहे. सहा हजारांवर कॅम बदलतो, आणि त्यानंतर तीन हजार फेऱ्यांचा मोकळा, चढत जाणारा विस्तार. नव्या इंजिनात हाच विस्तार दोन हजारांत आटोपतो. डोंगरातल्या रस्त्यावर एका वळणातून दुसऱ्या वळणापर्यंत दुसरा गिअर न बदलता तो विस्तार पुरवून वापरणे, ब्रेक लावताना सुई पुन्हा खाली येताना पाहणे, हे मूळ गाडीचे खास सुख. मध्यभाग भरीव करून घेताना शिखर थोडे खचले. पण जे उरले तेही इतके देखणे आहे की दोन्ही गाड्यांच्या रसिकांनी आपापल्या जागी समाधानी राहावे.

तेव्हा स्पोर्ट्स कारला रोजच्यासाठी आणखी टॉर्क हवा का? ज्याचा रोज तासभर कोंडीत जातो, ज्याला क्लच दाबून पाय दुखतो, त्याला २.२ लिटरचे इंजिन नक्कीच सोयीचे, आणि ती सोय मागण्यात रसिकतेचा काही कमीपणा नाही. पण ‘हवा’ आणि ‘अडते’ यांत अंतर आहे. २०८ न्यूटन-मीटरवर रोजचे काहीच अडत नाही. गिअर, वजन आणि सौम्य कॅम मिळून ते काम चोख करतात, आणि बदल्यात चालकाकडून फक्त लक्ष मागतात. होंडाने स्वतःही एकच उत्तर सगळ्यांवर लादले नाही. अमेरिकेला २००४ पासून आणि जपानला २००५ च्या अखेरीपासून २.२ लिटर दिले. युरोपात मात्र उत्पादन थांबेपर्यंत, २००९ पर्यंत, ते नऊ हजारी दोन लिटर तसेच चालू ठेवले. मला निवडायला सांगितले तर मी बेधडक ते दोन लिटरच घेईन. त्याच्यातला टॉर्क मिळवावा लागतो, आणि ज्या गाडीत बसण्याचे कारणच चालवणे हे आहे, तिथे तो मिळवण्याचा आनंद रोज हाताशी असणे हीच सर्वांत मोठी सोय आहे.