सरासरीची दहा मिनिटे

अंबरनाथच्या फलाटावर रोज उभ्या राहणाऱ्या मला ‘सरासरी’ या शब्दाचे फारसे कौतुक नाही. तासाला सहा गाड्या म्हणजे दर दहा मिनिटांनी एक. पण सहापैकी चार पहिल्या पाव तासातच निघून गेल्या, तरी हिशेब चुकत नाही. चुकते ती उल्हासनगरहून बदलापूरला निघालेल्याची वेळ. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 31 ऑक्टोबर 2008 रोजी प्रसिद्ध झालेला बिटकॉइनचा नऊ पानी निबंध वाचताना मला हेच खटकले.

बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी सापडतो, पण तो सोडतीसारखा. आधी कितीही वेळ गेला असो, पुढची वाट तेवढीच. त्यामुळे शंभरातली सुमारे 63 अंतरे दहा मिनिटांहून लहान, तर पाच अर्ध्या तासाहून मोठी असतात. दिवसाच्या 144 ब्लॉकांत अशी लांबलचक प्रतीक्षा सुमारे सात वेळा येते.

नाकामोतोला हे ठाऊक नव्हते असे नाही. हल्लेखोराची प्रगती मोजायला तो प्वासाँचे वितरण वापरतो. मात्र प्रामाणिक ब्लॉकांना सरासरीइतकाच वेळ लागला, असे तिथेच गृहीत धरतो. पैसे घेणाऱ्याचे थांबणे तो ब्लॉकांत मोजतो, मिनिटांत नाही. हे गृहीतक निरुपद्रवी नाही. मेनी रोझेनफेल्ड यांनी पुढे दोन्ही बाजूंची अनियमितता हिशेबात घेतली. हल्लेखोराकडे दहा टक्के संगणकशक्ती असेल आणि आपण सहा ब्लॉक थांबलो, तर निबंधानुसार धोका 0.024 टक्के, दुरुस्त हिशेबाने 0.059 टक्के. म्हणजे दुपटीहून अधिक.

म्हणून ब्लॉकांची वेळ नियमित करण्याचे प्रयत्न मला वरवरची डागडुजी वाटत नाहीत. एका मोठ्या सोडतीऐवजी 25 लहान सोडती जिंकल्यावर ब्लॉक मानला, तर सरासरी तीच राहून प्रमाण विचलन दहा मिनिटांवरून दोनवर येते. जॉर्ज बिसियस व ब्रायन लेव्हिन यांची ‘बॉबटेल’ योजना याच जातीची. तिची किंमत म्हणजे जाळ्यावर वाढणारे दळणवळण, आणि इतरांचे पुरावे दडपण्याचा मोह.

इथेरियमने 15 सप्टेंबर 2022 पासून वेगळी वाट धरली. तिथे 12 सेकंदांचे ठरावीक टप्पे आहेत आणि 32 इथर गुंतवणाऱ्यांतून प्रत्येक टप्प्याचा मानकरी आधीच निवडला जातो. वेळापत्रक आले, पण गाडी कोण हाकणार हेही आधी कळू लागले, आणि ज्याचा ठावठिकाणा कळतो त्याला अडवताही येते. तो गैरहजर राहिला, तर टप्पा रिकामाच जातो.

मला पहिला मार्ग मूळ कल्पनेशी अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात घड्याळ कुणा एकाच्या हाती जात नाही, आणि ताटकळणाऱ्याचा हिशेबही, उशिरा का होईना, मांडला जातो.