न झालेले सामने

भिन्न काळांतील थोर पुरुषांना कल्पनेनें एकत्र आणून त्यांची जोड लावण्याची हौस मनुष्यस्वभावांतच असावी. कालिदास मोठा कीं भवभूति मोठा, हा वाद आमच्या रसिकांनीं पिढ्यान्‌पिढ्या घातला. आणि मिल्टन व वर्ड्‌स्वर्थ यांना वर्गांत समोरासमोर उभें करून निकाल देण्याचें पाप मीं स्वतः किती वेळां केलें असेल, त्याची गणती नाहीं. तेव्हां जॅक डेम्प्सी आणि माइक टायसन एका काळांत जन्मले असते तर कोण जिंकला असता, असा वाद माझे विद्यार्थी घालूं लागले म्हणजे त्यांना हंसण्याचा अधिकार मला पोंचत नाहीं. उलट, मुष्टियुद्धांतील 'हेवीवेट', म्हणजे सर्वांत वजनदार वर्गाच्या, वीरांचे हे काल्पनिक सामने टीकाकारानें एकदां गंभीरपणें तपासावे असेच आहेत. तुलनेचा मोह आणि तुलनेचें कर्तव्य यांतील अंतर तेथें फार स्वच्छ दिसतें.

या हौसेचें सर्वांत धीट उदाहरण म्हणजे १९७० च्या जानेवारींत अमेरिकेंतील चित्रगृहांत दाखविलेला 'द सुपर फाइट' हा चित्रपट. मायामीच्या मरे वोरोनर नांवाच्या निर्मात्यानें १९६७ सालीं सोळा विजेत्यांची माहिती संगणकाला पुरवून त्यांच्यांत स्पर्धा लावली व तिचें वर्णन नभोवाणीवरून ऐकविलें. अंतिम सामन्यांत रॉकी मार्सियानोनें डेम्प्सीला पाडलें. महंमद अली मात्र अंतिम सामन्यापर्यंत पोंचलाच नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं राज्य केलेल्या जिम जेफ्रीजनें त्याला यंत्राच्या पोटांत हरविलें. अलीनें अब्रूनुकसानीचा दावा लावला, आणि त्याच्या तडजोडींतून अली व मार्सियानो यांचा हा चित्रपट निघाला.

कलाकृति म्हणून त्याचें मोल थोडेंच आहे. निवृत्त होऊन तेरा वर्षें झालेला मार्सियानो वजन उतरवून व कृत्रिम केंस लावून उभा राहिला. समोर सत्तावीस वर्षांचा अली. बंद दालनांत एकेक मिनिटाच्या फेऱ्या चित्रित झाल्या आणि शेवटहि निरनिराळे घेतले गेले. आपणांपैकीं कोण जिंकणार, हें दोघांनाहि सांगितलें नव्हतें. परंतु नियतीनें या नाटकाला असा एक प्रवेश जोडला कीं, तो कोणाहि निर्मात्याला सुचला नसता. चित्रण संपल्यावर थोड्याच दिवसांनीं, ३१ ऑगस्ट १९६९ रोजीं, मार्सियानो विमान-अपघातांत मरण पावला. पुढें पांच महिन्यांनीं प्रेक्षकांनीं जें पाहिलें तें असें: एक मृत पुरुष तेराव्या फेरींत एका जिवंत पुरुषाला जमिनीवर पाडीत आहे.

युरोपांत दाखविलेल्या प्रतींत मात्र अली विजयी झाला! ज्या यंत्राच्या निःपक्षपातीपणाची एवढी वाखाणणी झाली, त्याचा निकाल समुद्र ओलांडतांच बदलावा, यावर अधिक टीकेची जरुरी नाहीं. हा संगणक अलाबामांत तयार झाला असावा, असा टोमणा अलीनें मारल्याचें प्रसिद्ध आहे. अलाबामा हें वर्णद्वेषाबद्दल कुप्रसिद्ध असलेलें दक्षिणेकडील राज्य; टोमण्याचा रोंख उघड आहे. यंत्र स्वतः कोणाचा द्वेष करीत नाहीं. पण त्याला माहिती भरविणारे आणि निकाल ऐकावयास बसणारे माणूसच असतात.

अशा निकालांना आधार तरी कोणता असूं शकेल? नियमांचेंच पाहा. जॉन सलिव्हन १८८९ सालीं जेक किलरेनशीं उघड्या मुठींनीं पंचाहत्तर फेऱ्या लढला; त्या पद्धतींत योद्धा खालीं पडला म्हणजे फेरी संपे. १९१९ सालीं डेम्प्सीनें जेस विलार्डला पहिल्याच फेरींत सात वेळां पाडलें, तेव्हां पडलेला उठेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभें राहण्यास मज्जाव नव्हता. पुढें पंधरा फेऱ्यांच्या बारा झाल्या. कोणत्या नियमांनीं लढवावयाचें, हें ठरवितांच अर्धा निकाल ठरून जातो. वजनाचें तसेंच. मार्सियानोचें वजन सुमारें १८५ पौंड. आज तो २०० पौंडांच्या मर्यादेच्या खालच्या वर्गांत गणला जाईल. म्हणून आजच्या धिप्पाड पुरुषांपुढें तो टिकला नसता असें म्हणावें, तर २०२४ सालीं रियाध येथें, पूर्वीं त्याच खालच्या वर्गांत जिंकलेल्या उसिकनें आपल्याहून सुमारें चाळीस पौंडांनीं जड अशा टायसन फ्युरीवर मात केलीच आहे.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. बल ही शिडी नव्हे. १९७१ सालीं जो फ्रेझरनें अलीला हरविलें. १९७३ सालीं जॉर्ज फोरमननें त्याच फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळां पाडलें. तर्कशास्त्राप्रमाणें फोरमनपुढें अली चुरगळून जावयास हवा होता. पण १९७४ सालीं किन्शासा येथें आठव्या फेरींत पडला तो फोरमन. तिघेहि समकालीन, नियम तेच, आणि तरीहि गणित जुळलें नाहीं. मग पन्नास वर्षांच्या अंतरानें जन्मलेल्यांचें गणित आम्हीं कोणत्या बळावर मांडावें?

येथवर वाचून वाचक म्हणतील कीं, मग हा खेळ पोरकट म्हणून टाकून द्यावा. मला तसें वाटत नाहीं. न झालेल्या सामन्यांचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत करणें हाच खरा दोष आहे. कांहीं सामने काळानें होऊं दिले नाहींत. कांहीं माणसांनीं होऊं दिले नाहींत. डेम्प्सी आणि टायसन यांच्यामध्यें पाऊण शतक उभें होतें. त्याबद्दल कोणाला दोष द्यावा? परंतु पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मल्ल सलिव्हनच्या काळांतच होता. १८९१ सालीं जिम कॉर्बेटशीं तो एकसष्ट फेऱ्या लढला व सामना अनिर्णित राहिला. आणि पुढच्याच वर्षीं कॉर्बेटनें सलिव्हनला हरविलें. यावरून जॅक्सन सलिव्हनला हरवताच, असें मीं म्हणणार नाहीं. वरचा तर्क मलाहि लागू आहे. पण त्याला नाकारलें तें तो कमी पडत होता म्हणून नव्हे, कातडीच्या रंगामुळें, एवढें निश्चित म्हणतां येतें.

जेफ्रीजनेंहि विजेता असतांना जॅक जॉन्सनला नकार दिला आणि १९०५ सालीं अजिंक्य म्हणून निवृत्ति घेतली. जॉन्सननें १९०८ सालीं सिडनी येथें विजेतेपद मिळविल्यावर गोऱ्या समाजाच्या आग्रहानें तो परत आला. १९१० च्या ४ जुलैला रीनो येथें पंधराव्या फेरींत त्याचा पराभव झाला, आणि त्या रात्रीं उसळलेल्या दंग्यांत अनेक कृष्णवर्णीयांचे प्राण गेले. पुढें हॅरी विल्स डेम्प्सीची वाट पाहत राहिला. करारहि झाला, पण सामना झाला नाहीं. हे न झालेले सामने म्हणजे करमणुकीचे प्रश्न नव्हेत. तीं आरोपपत्रें आहेत.

आतां पुन्हां त्या चित्रपटाकडे पाहा. १९६७ सालीं अलीनें सैन्यांत भरती होण्याचें नाकारलें; विजेतेपद व लढण्याचा परवाना दोन्ही गेलीं. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत, जेव्हां त्याचे पाय सर्वांत चपळ असावयाचे, तेव्हां त्याला आखाडा बंद होता. पुढें १९७१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्याला निर्दोष ठरविलें. तीं वर्षें मात्र कोणतें न्यायालय परत देणार? ज्याला खरा सामना लढूं दिला जात नव्हता, त्यालाच एका खोट्या सामन्यांत, मोबदला घेऊन, खोटा पराभव पत्करावा लागला. मार्सियानो मोठा कीं अली मोठा, या कोलाहलांत प्रेक्षकांना दिसलें नाहीं तें हें कीं, पडद्यावरील खरा 'न झालेला सामना' अलीचा त्याच्या स्वतःच्या हरवलेल्या तारुण्याशीं होता.

वाङ्मयाच्या टीकाकारानेंहि यांतून घेण्यासारखा धडा आहे. दोन युगांचे कवि खुशाल समोरासमोर आणावे. त्यांतून निकाल मिळत नाहीं, पण दोघांचेहि विशेष उजळून निघतात. विद्यार्थ्यांनाहि मी आतां एवढेंच सांगतों: कोण जिंकला असता, हें हवें तितका वेळ भांडा, मात्र तत्पूर्वीं, तो सामना कां झाला नाहीं, हें एकदां विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर नाहीं. दुसऱ्याला बहुधा असतें, आणि तें ऐकावयास पहिल्यापेक्षां अधिक धैर्य लागतें.