अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी दांडीची तरतूद : युरोपीय निर्देशाची एक चिकित्सा

प्रस्तावना

युरोपीय संघाने १९ जुलै १९९९ रोजी संमत केलेला १९९९/७४ क्रमांकाचा निर्देश कोंबड्यांच्या कल्याणाविषयीच्या कायद्यांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो. या निर्देशानुसार १ जानेवारी २०१२ पासून सोयींविरहित पिंजऱ्यांवर बंदी आली. सुविधायुक्त पिंजरे किंवा पिंजराविरहित पद्धती हेच पर्याय उरले आणि या दोहोंत कोंबडीला बसण्यासाठी दांडी बंधनकारक झाली. प्रस्तुत लेखात या एकाच तरतुदीची वर्तनविषयक संशोधनाच्या आधारे चिकित्सा करावयाची आहे.

तरतुदीचे स्वरूप

दर कोंबडीमागे किमान १५ सेंमी दांडी असावी, ही अट दोन्ही पद्धतींना समान आहे. पिंजराविरहित पद्धतीसाठी आणखी अटी आहेत. दांडीला तीक्ष्ण कडा नसाव्यात, ती भुशाच्या गादीवर बसविलेली नसावी, दोन दांड्यांत ३० सेंमी आणि दांडी व भिंत यांत २० सेंमी आडवे अंतर असावे. मात्र दांडी जमिनीपासून किती उंच असावी, याविषयी निर्देश काहीच सांगत नाही. पिंजऱ्यातील वापरायोग्य जागेवर किमान ४५ सेंमी मोकळी उंची पुरेशी मानली आहे. एवढ्या उंचीत कोंबडीला दांडीवर उभे राहता यावयाचे, तर दांडी तळाच्या जाळीपासून थोडीच वर बसविता येते.

वर्तनाची साक्ष

पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा रात्री झाडावर विसावतो. ही प्रवृत्ती पाळीव कोंबडीत टिकून आहे. ओल्सन व कीलिंग यांनी स्वीडनमध्ये केलेले प्रयोग या दृष्टीने बोलके आहेत. २००० मधील अभ्यासात दांडी नाकारल्यावर कोंबड्या अस्वस्थ झाल्याचे दिसले. २००२ मधील अभ्यासात रात्री दांडीपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांनी जड केलेले दारही ढकलले. श्राडर व म्युलर यांनी २००९ मध्ये याहून नेमका प्रश्न विचारला : कोंबडीला दांडी हवी असते की उंची? कोंबड्यांनी दांडी की जाळी याला गौण मानून उंच जागा पसंत केली. या निष्कर्षाच्या कसोटीवर तळालगतची दांडी नियमाची पूर्तता करते, परंतु कोंबडीची गरज अपुरीच ठेवते.

दुसरी बाजू

याचा अर्थ सखल दांडी निरुपयोगी आहे असा नव्हे. दांडी असलेल्या पिंजऱ्यांतील कोंबड्यांच्या पायांची हाडे अधिक मजबूत असतात, हे ह्यूज व ॲपलबी यांनी १९८९ मध्येच दाखविले होते. उलटपक्षी, उंचीलाही किंमत मोजावी लागते. उडताना-उतरताना आदळल्याने छातीचे हाड मोडते, तर कठीण दांडीवर दीर्घकाळ बसल्याने त्या हाडावर ताण येतो. पिकेल व सहकाऱ्यांच्या २०११ मधील मोजमापांनुसार मऊ आवरणाच्या दांडीवर हा दाब कमी होतो. म्हणजे उंची, दांडीचा पृष्ठभाग आणि वर जाण्याचा मार्ग यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

येथे निर्देशाची दुसरी उणीव समोर येते. त्याच्या व्याख्येत अंडी देण्याच्या वयास पोहोचलेल्या कोंबड्याच येतात. पिल्ले व तलंगा येत नाहीत. वस्तुतः गुन्नार्सन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखविल्याप्रमाणे, पहिले ८ आठवडे दांडीविना वाढलेल्या कोंबड्या पुढे उंचावरील खाद्यापर्यंत पोहोचण्यात मागे पडतात. लहानपणी चढण्याची सवय नसलेल्या पक्ष्यास प्रौढपणी उंच दांडी देणे हे अर्धेच काम होय.

निष्कर्ष

दांडीला कायद्यात स्थान मिळवून दिले, हे या निर्देशाचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि तपासनिसाला फीतपट्टीने सहज मोजता येणारी लांबी त्याने आकड्यांत बांधली आणि कोंबडी जिची निवड करते ती उंची मोकळी सोडली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पिंजराविरहित पद्धतींची शिफारस केली असल्याने हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. भारतातही विधी आयोगाने २०१७ मधील आपल्या २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्याचा विषय हाताळला आहे. भावी नियम करणाऱ्यांनी युरोपचा १५ सेंमीचा आकडा तेवढा उचलू नये. उंची, चढण्याची सोय आणि तलंगांचे संगोपन यांनाही नियमात स्थान द्यावे.