रांग वाचणारा अधिकारी

अमेरिकी विमानतळावर हातातल्या पिशवीतली लोणच्याची बरणी जमा करून यावं लागलेली मराठी माणसं थोडीथोडकी नाहीत. त्या नियमावर ज्यांची सही होती ते किप हॉली. 2005 ते 2009 या काळात ते अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचे, म्हणजे ‘टीएसए’चे, प्रमुख होते. नेथन मीन्स यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं ‘परमनंट इमर्जन्सी’ 2012 मध्ये आलं. सरकारी माणसाची आठवणवही म्हणून ते उघडलं, तर निराशा व्हायची. ते आस्वादायचं ते एका रेल्वेवाल्याचं पुस्तक म्हणून.

रीगन यांच्या व्हाइट हाउसमधली नोकरी, ‘युनियन पॅसिफिक’ या अवाढव्य रेल्वे कंपनीत उपाध्यक्षपद, मग कॅलिफोर्नियात मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ‘आर्झून’चं प्रमुखपद. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर टीएसए उभं करणाऱ्या तुकडीत ते आले. चारशेहून अधिक विमानतळांवर सरकारी तपासनीस नेमायला संसदेनं मुदत दिली होती 19 नोव्हेंबर 2002 पर्यंतची. कागदावर ही कारकीर्द विस्कळीत दिसते, पण रेल्वे, सॉफ्टवेअर आणि टीएसए या तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: खूप काही पुढे सरकतंय, ते थांबू न देता त्यातलं नको ते कसं ओळखायचं?

हे सूत्र सर्वांत ठळक दिसतं ते लायटरच्या निर्णयात. तपासनाक्यांवर रोज बावीस हजारांच्या आसपास लायटर जमा होत. सरकारी खाक्यात हा आकडा यशाचा. हॉलींनी तो उलटा वाचला. लायटर शोधणारी नजर तेवढा वेळ स्फोटकाचे सुटे भाग शोधत नाही. 2007 मध्ये त्यांनी साध्या लायटरवरची बंदी उठवली. लहान कात्र्या तर 2005 च्या डिसेंबरातच सोडल्या होत्या, आणि त्यावरून टीकाही झेलली होती.

ऑगस्ट 2006 मध्ये मात्र याच माणसाला यादी लांबवावी लागली. द्रव स्फोटकांनी विमानं पाडण्याचा कट ब्रिटिश पोलिसांनी उधळला आणि अमेरिकेत एका रात्रीत द्रवपदार्थांवर बंदी आली. सप्टेंबरअखेर ती सैल झाली: तीन औंसांपर्यंतच्या बाटल्या, सगळ्या मिळून एकाच पारदर्शक पिशवीत. मिलवॉकीत एका प्रवाशानं त्या पिशवीवरच ‘किप हॉली मूर्ख आहे’ असं लिहिलं आणि त्याला काही वेळ अडवून ठेवण्यात आलं. इतक्या नेमक्या जागी लिहिलेली टीका क्वचितच कुणा अधिकाऱ्याच्या वाट्याला आली असेल. पुढच्याच वर्षी या सगळ्याला सुरक्षेचं नाटक म्हणणाऱ्या सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांना हॉलींनी सविस्तर मुलाखत दिली. टीकाकाराला टाळायचं नाही, हा गुण खुर्चीवरच्या माणसात विरळाच.

खरी गंमत पुढे आहे. पुस्तकाच्या वेळीच ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये लिहिलेल्या लेखात त्यांनी सुधारणा सुचवल्या. निषिद्ध वस्तूंची यादी मोडा, उघड घातक शस्त्रं तेवढी ठेवा. द्रवपदार्थ येऊ द्या. तपासणीचा ठरावीक क्रम मोडून ती अनपेक्षित करा. आणि विमान कंपन्यांना सामानाचं शुल्क घेऊ देऊ नका. हे शेवटचं कलम मी पुनःपुन्हा वाचतो. सुरक्षेचा आणि तिकिटाच्या हिशेबाचा संबंध काय? पैसे वाचवायला माणसं बॅगा हातात घेतात, त्या क्ष-किरण यंत्रावर साचतात आणि कंटाळलेली नजर चुकते. नाक्यावरच्या गर्दीचं मूळ तिकीटखिडकीत शोधणं पोलिसाला सुचत नाही. एका यार्डातल्या तुंबलेल्या वाघिणी दूरच्या कुठल्या स्थानकामुळे अडल्यात हे ज्यानं पाहिलंय, त्याला सुचतं.

हे सगळं खुर्चीत असताना का केलं नाही, हा आक्षेप रास्त आहे. लायटर सोडणारा हात बाटल्यांपाशी अडला. पुस्तकात गुप्तवार्ता, यंत्रांच्या मर्यादा, राजकीय दबाव अशी कारणं येतात. मला ती पटतात, पण पुरेशी वाटत नाहीत. शिवाय दहशतवाद्यांच्या हालचाली कादंबरीच्या थाटात रंगवलेली पानं अंमळ लांबली आहेत. ती भराभर उलटावीत आणि कार्यालयातल्या वादावादीच्या पानांवर रेंगाळावं. लेखक तिथेच स्वतःच्या आवाजात बोलतो. वेळ अगदीच कमी असेल, तर जर्नलमधला तो लेख आधी वाचावा. पुस्तक मग आपोआप मागवाल.