‘पार्टनर’ कशातला?

आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दांना चिकटून बसतो, अशी तक्रार असते. ती खरीच आहे. आज असाच एक शब्द घेऊ: ‘डिलिव्हरी पार्टनर’. पार्टनर म्हणजे भागीदार. आता प्रश्न असा, की भाग कशातला?

फ्रँक नाइट या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1921 साली नफ्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो जोखीम आणि अनिश्चितता वेगळ्या काढतो. जिचा हिशेब मांडता येतो ती जोखीम. तिचा विमा उतरवता येतो. जिचा हिशेबच मांडता येत नाही ती अनिश्चितता, आणि नफा हे ती पेलण्याचं फळ. उद्योजक जणू इतरांना सांगतो, तुमचे ठरलेले पैसे तुम्हाला मिळतील, उद्याचं काय व्हायचं ते माझ्यावर सोडा. उद्योजकाला जो मान आहे तो यासाठी, बरं का.

आता मार्च 2020 आठवा. नाइटच्या अर्थाने अगदी अस्सल अनिश्चितता. ती कुणी पेलली? आपण घरात बसून मोबाईलवर बोट टेकवत होतो (आम्हीही त्यातलेच, नाकारत नाही). रस्त्यावर जो होता त्याला ठरलेला पगार नव्हता. ऑर्डर मिळाली तर पैसे. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचं, आजारी पडला तर बुडालेला दिवसही त्याचाच. म्हणजे सूत्र उलटं झालं: अनिश्चितता खाली उतरली आणि कंपन्यांचं मूल्यांकन वर चढलं. जुलै 2021 मध्ये झोमॅटोचा शेअर कंपनी तोट्यात असतानाच बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी वधारला. नोव्हेंबरमध्ये पेटीएमचा आला, तो पहिल्या दिवशीच 27 टक्के पडला. दोन्ही वेळा चर्चा झाली ती गुंतवणूकदाराच्या जोखमीची.

यावर आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जबरदस्ती कुणी केली नव्हती. हॉटेलं, कारखाने बंद पडले तेव्हा याच ॲपनी कित्येकांच्या हाताला काम दिलं. मान्य. पण काम दिलं म्हणजे भागीदारी दिली, असं होत नाही. भागीदाराला निदान दोन हक्क हवेत: हिशेबाची वही बघायचा आणि दर ठरताना तोंड उघडायचा. इथे दर ॲप ठरवतं आणि का ठरवतं ते कळत नाही.

मुंबईचे डबेवाले बघा. 1890 पासूनचा धंदा. डबा वाहणारा तोच धंद्याचा धनी, आणि गटाची कमाई वाटून घ्यायची. मार्च 2020 मध्ये लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या, डबे थांबले. हाल त्यांचेही झाले, पुष्कळ जण मावळ-खेडकडे गावी परतले. भागीदारी असली की संकट टळतं, असं आम्ही म्हणतच नाही. पण तिथे बुडालं ते सगळ्यांचं मिळून बुडालं.

इंटरनेटने काहीच चांगलं केलं नाही का? केलं की! चकल्या करून व्हॉट्सॲपवर विकणारी बाई घ्या. ना दुकान, ना पागडी, पैसे यूपीआयवर. पीठ वाया गेलं तर नुकसान तिचं, दिवाळीत चार पैसे सुटले तर तेही तिचे. नाइटच्या व्याख्येत ती चोख बसते. तिला मात्र कुणी स्टार्टअप म्हणत नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. तिच्यात ‘प्लॅटफॉर्म कामगार’ आला, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम त्याच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूदही. म्हणजे ‘पार्टनर’ हा शब्द कायद्याने काही उचलला नाही. पण व्याख्या वाचा: हे काम नेहमीच्या मालक-कामगार नात्याच्या बाहेरचं. भागीदार नाही, नोकरही नाही. मग हा माणूस कोण? प्रश्नोत्तरं इथूनच सुरू करू.