जाळं कुरतडणारे उंदीर

विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा छोटासा अ‍ॅनिमेशनपट १९७४ सालचा. दूरदर्शनने तो इतक्यांदा दाखवला की एका पिढीला तोंडपाठ आहे. एकीचा धडा म्हणूनच त्याची आठवण निघते. मला तो धडा कधीच पुरेसा वाटला नाही.

भिवंडीत एकीची टंचाई नव्हती. मे १९७० आणि मे १९८४, दोन्ही दंगलींत ती गल्लोगल्ली होती, आपापल्या माणसांपुरती. चित्रपटातली पाखरंही एकजुटीने उडतात, पण जाळ्यासकट! सुटतात ती उंदरांकडे गेल्यावर, म्हणजे ज्यांना पंख नाहीत त्यांच्याकडे. मूळ कथा पंचतंत्रातली. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव थव्याला वाट दाखवतो, हिरण्यक उंदीर हा त्याचा मित्र. चित्रपटाने राजा गाळला, युक्ती एका शहाण्या चिमणीला दिली. उंदरांशी मैत्री तेवढी राखली. गाण्यापेक्षा मला ही निवड मोलाची वाटते.

आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात उंदीर म्हणजे वैरी, बीमवरचं सूत कुरतडणारा. चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात हा चित्रपट मी शेजारच्या चाचांच्या टीव्हीवर पाहिला. आमच्याकडे टीव्ही नव्हता. वडील मला न्यायला आले आणि दारातच थांबले. पडद्यावर उंदीर दिसताच चाचा म्हणाले, “अरे, ये तो अपने कारखाने के चोर हैं!”

वडिलांना हसू आवरेना. मे महिन्यानंतर त्या घरात ते प्रथमच टेकले.