छिन्नीखालची रेघ

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात धनेगावला अडवलेली मांजरा नदी पुढे बीदर जिल्ह्यात उतरते. 1956पर्यंत बीड आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या बीदरच्या बिदरी कामात, म्हणजे काळ्या धातूत चांदी जडवण्याच्या कलेत, सगळे चांदीचं कौतुक करतात; मला चांदीच्या आधीची रेघ जास्त मोलाची वाटते.

जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, कानशीने गुळगुळीत करतात आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात. त्यावर कारागीर टोकदार सळईने, मुक्तहस्ताने नक्षी काढतो. ओरखडा उठतो तिथे धातू उजळतो. पहिल्याच रेघेला शेवटच्या चांदीचं रूप मिळतं, काळ्यावर पांढरं! मग छिन्नी त्याच रेघेवरून खाच पाडते आणि रेखाटन संपतं. खाचेत चांदी ठोकून बसवतात, भांडं घासतात. तेव्हा काळेपणाही उडतो. चांदी आणि जस्त जवळजवळ एकसारखे दिसू लागतात, नक्षी ओळखूही येत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लागला की जस्त कायमचं काळं पडतं, चांदी तशीच राहते. सळईच्या टोकाखाली दिसलेलं चित्र तेव्हा परत येतं.

हुक्क्याच्या गोल बुडावर फुलांची ओळ काढताना शेवटचं फूल पहिल्याला नेमकं भिडवावं लागतं. देठात तार बसणार, पाकळीत पत्रा. म्हणून देठाच्या रेघेला चाल हवी, पाकळीच्या रेघेला कड. आफताबी प्रकारात जमीन चांदीची आणि फूल काळं. तिथे हाताला फुलाभोवतीची मोकळी जागा आखावी लागते, आणि हे मला सर्वांत अवघड वाटतं.

या रेघेशी कागदावरची रेखाटनं ताडून बघावीत. इटलीत मांतुआचा सत्ताधीश फेदेरिको गोन्झागा याच्याकडे चित्रकार जूलिओ रोमानो 1524मध्ये आला. दरबारच्या चांदीच्या भांड्यांसाठी त्याने शाईने काढलेली चित्रं आज संग्रहालयांत आहेत. भांडी मात्र बहुतेक वितळवली गेली. ती चित्रं देखणी आहेत, पण त्यांना आश्रयदात्याचं मन वळवायचं आहे, सोनाराला समजवायचं आहे. म्हणून त्यांत छाया आहे, उठाव आहे. बीदरची रेघ कुणाला काही पटवत नाही. ती थेट धातूशी बोलते, आणि म्हणूनच इतकी नेमकी असते. उमरावांचे हुक्के आणि पानदानं उरली, त्यांवरची रेखाटनं चांदीखाली गेली.

बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023मध्ये पद्मश्री मिळाली. बिदरी भांडं हातात आलं तर पत्र्याची पाकळी निमुळती होत तारेच्या देठाला मिळते तो सांधा बघावा. रेखाटणाऱ्याचा हात तिथे अजून ओळखता येतो.